थंडीत सायकलला टायर कोणता घ्यावा? दुकानात जाण्याआधी एवढे बघा

दिवाळीची सुट्टी संपून शाळा पुन्हा भरू लागल्या की हजेरी घेताना एक गोष्ट आमच्या दरवर्षी लक्षात येते. पहिल्या तासाला उशिरा येणारी मुले वाढतात आणि बहुतेकांचे उत्तर एकच असते, "सायकल पंक्चर झाली." यात काही थापा असतात, ते आम्हालाही कळते. पण बाहेर जाऊन चाक बघितले तर बऱ्याचदा मूल खरेच बोलत असते. पावसाळ्यात चिखल असतो, उन्हाळ्यात डांबर तापते, तरी पंक्चरचा खरा मोसम हिवाळाच. असे का होते आणि टायर घेताना काय बघितले तर हा त्रास कमी होईल, ते या लेखात सांगायचे आहे.

विषय किरकोळ वाटेल. पण आपल्या अनेक गावांत उर्दू शाळा सातवी-आठवीपर्यंतच आहे. पुढे शिकायचे तर चार-पाच किलोमीटरवरच्या मोठ्या गावी जावे लागते. एसटीची वेळ जुळत नाही, रिक्षाचे महिन्याचे भाडे परवडत नाही, मग राहते ती सायकल. मानव विकास कार्यक्रमातून मागास तालुक्यांतल्या आठवी ते बारावीच्या गरजू मुलींना सायकली मिळतात, हे चांगलेच आहे. पण सायकल एकदा मिळते, टायर-ट्यूब पुन्हा पुन्हा बदलावे लागतात आणि ते घरच्यांनीच बघायचे असते. मुलगी आठवड्यातून दोनदा सायकल हाताने ढकलत मगरिबच्या अजानला घरी पोचली की घरात बोलणे निघते, "अब बस करो, बहुत पढ़ लिया." मुलाची सायकल पंक्चर झाली तर असे कोणी म्हणत नाही, हेही इथे लिहून ठेवतो. दहावी-बारावीची परीक्षा फेब्रुवारी-मार्चमध्ये येते, म्हणजे अभ्यासाचे खरे महिने नेमके हे थंडीचे. तेव्हा टायरचा खर्च वह्या-पुस्तकांच्या खर्चातच धरावा, असे आमचे स्पष्ट मत आहे.

बर्फातले टायर वेगळे

मोबाईलवर सायकलचे 'विंटर टायर' शोधले तर भलतेच टायर समोर येतात. रबरात बारीक बारीक खिळे बसवलेले. हे खिळे टंगस्टन कार्बाइड नावाच्या फार कठीण धातूमिश्रणाचे असतात आणि ते गोठलेल्या रस्त्यावर बर्फात रुततात. फिनलंडमधल्या ओउलू शहरात कडाक्याच्या थंडीतही लोक सायकल चालवतात, शाळकरी मुलेसुद्धा. तिथे अशा टायरांना अर्थ आहे. शिवाय त्या टायरांचे रबर थंडीत कडक पडू नये असे बनवलेले असते.

आपल्याकडे असला टायर घेणे म्हणजे इस्राफ, शुद्ध उधळपट्टी. कोरड्या डांबरावर ते खिळे नुसते खडखडतात, सायकल जड चालते आणि किंमत तर विचारूच नका. ज्यांची मुले शिकायला किंवा नोकरीला कॅनडा, जर्मनीकडे गेली आहेत आणि तिथे जुनी सायकल घेऊन फिरतात, त्यांनी मात्र ही गोष्ट त्यांच्या कानावर घालावी. दोन्ही टायर परवडत नसतील तर एक तरी खिळ्यांचा घ्यावा आणि तो पुढच्या चाकाला लावावा. मागचे चाक घसरले तर माणूस बरेचदा सावरतो, पुढचे घसरले की सरळ जमिनीवर.

आता आपल्याकडचे बघू. आपल्या हिवाळ्यात बर्फ नाही, पण तीन गोष्टी आहेत. वाळलेले काटे, पहाटे आणि दुपारच्या तापमानातला मोठा फरक, आणि सकाळचा अंधार-धुके-दव. यातली पहिली गोष्ट सगळ्यांत वाईट.

सराटा

सराटा सगळ्यांनी पाहिलेला आहे, अनवाणी पायाने तर नक्कीच. पावसाळ्यात जमिनीलगत पसरणारी, छोट्या पिवळ्या फुलांची वेल. तिलाच काटेगोखरू म्हणतात. आपल्या युनानी हकीमांकडे हीच वनस्पती खार-ए-खसक या नावाने असते आणि लघवीच्या तक्रारींवर, मुतखड्यावर दिली जाते. माणसाला औषध आणि सायकलला दुश्मन, असा हा प्रकार.

पाऊस थांबला की वेल वाळते. तिचे फळ पिकून पाच तुकड्यांत फुटते आणि प्रत्येक तुकड्याला दोन मोठे टोकदार काटे असतात. या तुकड्याची घडणच अशी की तो कसाही पडला तरी एक काटा वर राहतोच. जनावराच्या खुरात घुसून बी दूर जावे म्हणून निसर्गाने केलेली ती सोय आहे. आता खुराऐवजी टायर आला, एवढाच फरक. ऑक्टोबरनंतर हे तुकडे रस्त्याच्या कडेला, शाळेच्या मैदानात, कब्रस्तान आणि ईदगाहच्या मोकळ्या जागेत पसरलेले असतात. मोठी वाहने अंगावर आली की सायकलवाला कडेला उतरतो आणि काटे नेमके तिथेच असतात.

त्यात बाभळीची भर. रब्बीच्या पिकात जनावरे शिरू नयेत म्हणून शेतकरी बाभळीच्या फांद्या तोडून कुंपण घालतात. बैलगाडीतून, ट्रॅक्टरमधून त्या फांद्या नेताना काटे वाटेवर सांडत जातात. वेड्या बाभळीचा काटा तर चामड्याच्या चपलेतूनही आरपार जातो. तो टायरला ऐकणार नाही, मग टायर कितीही महागाचा असो. आपली लढाई सराट्याशी आहे. त्याचा काटा आखूड असतो आणि टायरमध्ये रबर पुरेसे असेल तर बराचसा अडतो.

म्हणून थंडीसाठी टायर घेताना पहिली गोष्ट बघायची ती मधल्या भागाची जाडी. दुकानात टायर हातात घ्या, दोन्ही कडा दाबून मधला भाग उलटा करा आणि अंगठा व बोट यांच्यामध्ये तो धरून बघा. शेजारी दुसरा टायर ठेवून तुलना करा. स्वस्तातल्या टायरला नक्षी उंच असते, पण दोन नक्ष्यांच्या मधल्या खाचेत रबर इतके पातळ असते की आतले कापड जवळजवळ बोटाला लागते. काटा खाचेतूनच जातो. दिसायला दणकट, खडबडीत टायर आणि तरी रोज पंक्चर, याचे कारण हेच. आमच्या मते रोज डांबरी रस्त्याने जाणाऱ्या मुलाला बसकी, जवळजवळ असलेली नक्षी आणि मध्ये भरपूर रबर असलेला टायर सगळ्यांत बरा.

काही महाग टायरांत नक्षीच्या खाली काटा अडवणारा वेगळा थर असतो, कुठे जाड लवचीक रबराचा, कुठे अरामिड धाग्याचा. हा थर खरोखर काम करतो. पण असा टायर गावातल्या दुकानात सहसा मिळत नाही, मागवला तर दोन साध्या टायरांपेक्षा महाग पडू शकतो. जो माणूस रोज पंधरा-वीस किलोमीटर सायकल मारतो, पाव-बिस्किटे विकतो, दूध घालतो, त्याचा तो खर्च वसूल होतो. तीन किलोमीटरवरच्या शाळेसाठी आम्ही एवढा आग्रह धरणार नाही.

त्याऐवजी आपल्याकडचा जुना उपाय आहेच. टायर आणि ट्यूबच्या मध्ये जुन्या टायरची किंवा जाड ट्यूबची पट्टी घालणे. फाटलेल्या जागी लावतात त्या तुकड्याला कारागीर गेटर म्हणतात, तसाच हा पूर्ण गोल. यात एक धोका आहे. पट्टीच्या कडा सरळ कापलेल्या असतील तर त्या कडाच ट्यूबला घासून महिन्या-दोन महिन्यांत भोक पाडतात. कडा तासून पातळ करायला सांगा आणि पट्टीची दोन टोके एकमेकांवर चढतात तिथे तर नक्कीच. बाजारात प्लास्टिकच्या तयार पट्ट्याही मिळतात, त्यांचेही तसेच.

ट्यूबमध्ये घालायचे लिक्विडही मिळते. बारीक काट्याच्या भोकावर ते चांगले चालते, मोठ्या कापावर चालत नाही. काही महिन्यांत ते सुकते, मग पुन्हा घालावे लागते. वाटेत सराटे भरपूर असतील तर हा खर्च करायला हरकत नाही.

आणि एक सवय, जिला पैसा लागत नाही. कच्च्या कडेवरून किंवा मैदानातून सायकल बाहेर काढली की थांबायचे, चाक उचलून फिरवायचे आणि टायरला चिकटलेले सराटे काडीने किंवा चपलेच्या टाचेने झाडून टाकायचे. काटा पहिल्या फेरीत पूर्ण घुसत नाही, चाक फिरेल तसा तो आत आत ठोकला जातो. मुलांना हे एकदा करून दाखवावे. मात्र काटा खोल गेला असेल आणि हवा हळूहळू जात असेल तर वाटेत उपटू नका. काटा भोकात असेपर्यंत तोच बुचासारखा असतो, तेवढ्यात दुकान गाठता येते.

२६ नंबर म्हणजे कोणता २६?

टायर आणायला पाठवले की मूल "२६ नंबरचा द्या" म्हणते आणि दुकानदार एक टायर काढून देतो. घरी येऊन बघावे तर तो चढतच नाही. दुकानदाराने फसवले असे नाही. २६ नंबर एकच नसतो.

मुलींच्या साध्या सायकलला बहुतेक २६ × १ ३/८ हा टायर असतो. गिअरच्या किंवा जाड टायरच्या सायकलला २६ × १.९५, २६ × २.१० असे आकडे असतात. दोन्हींवर २६ आहे, पण रिम वेगवेगळे. खरा आकडा टायरच्या बाजूवर बारीक अक्षरांत वेगळा छापलेला असतो. पहिल्यावर ३७-५९० असे असेल, दुसऱ्यावर ५०-५५९ सारखे काही. यातला पहिला आकडा टायरची रुंदी आणि दुसरा टायर रिमवर जिथे बसतो तिथला व्यास, दोन्ही मिलिमीटरमध्ये. ५९० आणि ५५९ यांत ३१ मिलिमीटरचा फरक आहे. कितीही ओढाताण केली तरी एकाचा टायर दुसऱ्याला बसणार नाही. आपल्या जुन्या काळ्या मोठ्या सायकलचा २८ × १ १/२ म्हणजे ६३५, साडेसत्तावीसचा ५८४, आणि २९ व ७००सी या दोन्हींचा ६२२.

दुसरा आकडा जुळलाच पाहिजे. पहिल्यात थोडी सूट आहे. ५०-५५९ च्या जागी ५४-५५९ चालू शकतो, पण मडगार्डला, फ्रेमला आणि ब्रेकला घासत नाही ना, ते बघून. चार-पाच मिलिमीटर रुंद टायर घेतला तर आत हवा जास्त मावते, खड्ड्यात ट्यूब कमी चेपते आणि डबल सीटला आधार मिळतो. दुकानात जाण्याआधी जुन्या टायरवरचा आकडा खडूने चोळून घ्या, अक्षरे उठून दिसतात. मोबाईलवर फोटो काढून नेला तर सगळ्यांत सोपे.

नक्षीबद्दल एक गैरसमज

कारच्या टायरला नक्षी नसेल तर पावसात गाडी पाण्यावर तरंगते, हे ऐकून आपण सायकललाही तोच नियम लावतो. सायकलचा टायर अरुंद असतो, रस्त्यावर टेकणारा भाग लहान आणि गोलसर असतो, वेगही कमी असतो. त्यामुळे ओल्या डांबरावरही पाणी आपोआप बाजूला सरते. उलट उंच गुठळ्यांच्या टायरचा रस्त्याला टेकणारा भाग कमी होतो, गुठळ्या वाकतात, सायकल घरघर आवाज करते आणि पोरांचे पाय भरून येतात. पहाटेच्या थंडीत रबर थोडे कडक झालेले असते, तेव्हा तर जास्तच.

खोल नक्षीचा उपयोग चिखलात आणि भुसभुशीत मातीत होतो. आता तुम्ही म्हणाल, हिवाळ्यात चिखल कुठला? आहे ना. उसाचा हंगाम चालू असतो. शेतातून निघालेल्या ट्रॉल्या चाकाला चिकटलेली काळी माती रस्त्यावर आणून सोडतात, वर उसाचे पाचट पडते. गव्हाला, हरभऱ्याला सोडलेले पाणी बांध फोडून रस्त्यावर येते. रात्रीचे दव पडले की सकाळी ही माती साबणासारखी होते. ज्यांच्या वाटेत असा तुकडा रोज लागतो किंवा अर्धा रस्ता पाणंदीचा आहे, त्यांनी मधे सलग पट्टी आणि बाजूला गुठळ्या असलेला टायर घ्यावा. डांबरावर मधला भाग चालतो, मातीत बाजूचा धरतो. बाकीच्यांना त्याची गरज नाही.

दव पडलेल्या रेल्वे फाटकावर, लोखंडी झाकणांवर आणि रस्त्यावरच्या पांढऱ्या रंगाच्या पट्ट्यांवर मात्र कोणताच टायर भरवशाचा नाही. तिथे ब्रेक न मारता, हँडल न वळवता सरळ जायचे. रुळ आडवे ओलांडायचे, तिरके नाही.

सकाळी हवा कमी का वाटते?

"रात्री भरलेली हवा सकाळी जाते, कोणीतरी सोडतो," अशी तक्रार आम्ही बऱ्याच वेळा ऐकली आहे. शेजारच्या पोरावर संशय घेण्याआधी थोडे विज्ञान बघू.

हवा थंड झाली की तिचा दाब कमी होतो. समजा दुपारी ३० अंश तापमानात टायरमध्ये ४० पौंड हवा भरली. हिवाळ्यात आपल्याकडे पहाटे पारा १० अंशांवर येणे नवीन नाही, निफाडकडे तर तो एक आकडी होतो. पंपाच्या काट्यावर ४० दिसत असले तरी बाहेरच्या वातावरणाचे १४.७ पौंड त्यात मिळवावे लागतात, म्हणजे ५४.७. तापमानही शून्याखाली २७३ अंशांपासून मोजायचे, म्हणजे दुपारी ३०३ आणि पहाटे २८३. ५४.७ ला २८३ ने गुणून ३०३ ने भागा, ५१.१ येतात. त्यातून १४.७ वजा केले की ३६.४. म्हणजे थंडीमुळे साडेतीन पौंडांच्या आसपास हवा कमी दिसते आणि दुपारी ती पुन्हा तेवढीच होते. नववी-दहावीच्या मुलांनी हे गणित वहीत करून बघावे, मजा येते.

पण एवढ्याने टायर बसत नाही. टायर पार रिमला टेकला असेल तर हवा कुठून तरी गळते आहे. तीन जागा तपासायच्या.

आधी वॉल. आपल्या साध्या सायकलच्या वॉलमध्ये एक बारीक रबरी नळी असते, वॉल-ट्यूब म्हणतात तिला. ती जुनी झाली की कडक होते, चिरते आणि हवा रोखत नाही. वॉलच्या तोंडावर थुंकीचा किंवा साबणाच्या पाण्याचा थेंब लावा, बुडबुडा आला तर पंक्चर नाहीच. नळीचा तुकडा अगदी किरकोळ पैशांत मिळतो. थंडी सुरू होताना दोन्ही चाकांची नळी बदलून टाकावी आणि एक तुकडा दप्तरात ठेवावा. निम्मी 'पंक्चर' सायकल इथेच दुरुस्त होईल असे आम्ही म्हटले तर कारागीर भाई हसतील, पण नाकारणार नाहीत.

मग ट्यूब. साध्या रबराच्या ट्यूबमधून हवा भोक नसतानाही झिरपत राहते, आठवडाभरात ती बरीच कमी होते. ब्युटाईल रबराच्या ट्यूबमध्ये ती पुष्कळ जास्त टिकते. ट्यूबवर किंवा खोक्यावर 'ब्युटाईल' असे लिहिलेले असते, ते वाचून घ्या. थोडे पैसे जास्त जातात, पण रोज सकाळी पंप शोधण्याचा ताप वाचतो. टायर बदलताना ट्यूब जुनीच ठेवायची असेल तर तिच्यावर ठिगळे किती आहेत ते मोजा. चार-पाचपेक्षा जास्त असतील, शेजारी शेजारी असतील, तर ती आता सोडून द्यावी.

आणि तिसरे, खरोखरचे पंक्चर. त्याकडे पुढे येतो.

हवा किती भरायची ते टायरच्या बाजूवर छापलेले असते. जाड टायरच्या सायकलवर बऱ्याचदा ४० ते ६५ असे काहीतरी असते. मूल हलके असेल तर खालच्या आकड्याजवळ, मोठा माणूस किंवा डबल सीट असेल तर वरच्या. वजन मागच्या चाकावर जास्त येते, म्हणून मागे थोडी जास्त भरावी. काट्याचा पंप नसेल तर स्वार सायकलवर बसवा आणि मागच्या टायरकडे बघा. तो खाली किंचित दबला पाहिजे. फुगून दोन्ही बाजूंना पसरला तर हवा कमी, अजिबात दबला नाही तर जास्त. नुसते अंगठ्याने दाबून फारसे कळत नाही, थंडीत तर रबर कडक असल्याने टायर उगाच टणक लागतो.

पेट्रोल पंपावर ट्रकला हवा भरायच्या नळीने मुलांना सायकलची हवा भरू देऊ नका. सायकलच्या ट्यूबमध्ये हवा मावते किती? ती काही सेकंदांत फुटते आणि टायर रिमवरून उडतो.

इथे एक सूचना करावीशी वाटते. प्रत्येक शाळेत आणि मोहल्ल्यातल्या मशिदीच्या आवारात एक उभा पंप असावा. फजरला सायकलवर येणारे बुजुर्ग असतात, मकतबला येणारी लहान मुले असतात. पहाटे साडेपाचला कोणते दुकान उघडे असणार? पंपाची किंमत एवढी कमी आहे की चार जणांनी मिळून सहज घ्यावा. सदका-ए-जारियाचे मोठे मोठे मार्ग आपण शोधतो, हाही त्यातच बसतो.

पंक्चरच्या दुकानातून शिकण्यासारखे

'पंक्चरवाले' हा शब्द अलीकडे आपल्या समाजाला टोमणा म्हणून फेकला जातो. हलाल रोजीला टोमणा मारणाऱ्यांचे काय बोलायचे? पण आपल्यातल्याही काही शिकलेल्या लोकांना या शब्दाची लाज वाटते, ते आम्हाला जास्त खटकते. चांगला कारागीर ट्यूबमधले भोक बघून टायर, रिम आणि चालवणारा, तिघांची हकीकत सांगतो. ती कशी, ते मुलांनीही शिकावे.

भोक ट्यूबच्या बाहेरच्या अंगाला, एकटे आणि बारीक असेल तर काटा. आतल्या अंगाला, म्हणजे रिमकडच्या बाजूला असेल तर आऱ्याचे टोक वर आले आहे किंवा रिमवरची पट्टी सरकली आहे. अशा वेळी टायर कितीही चांगला आणा, पंक्चर होतच राहणार. पट्टी बदला, आऱ्याचे टोक घासून घ्या. दोन छोटे काप शेजारी शेजारी असतील तर हवा कमी असताना चाक खड्ड्यात आदळले आणि ट्यूब रिमच्या दोन कडांत चेपली. भोक वॉलच्या बुडाशी असेल तर कमी हवेत चालवल्याने टायर रिमवर सरकला आणि वॉल ओढला गेला. ते सहसा ठिगळाने भागत नाही, ट्यूब बदलावी लागते.

एक युक्ती चांगली आहे. टायर चढवताना त्यावरचे नाव वॉलच्या बरोबर समोर येईल असे ठेवायचे. पुढे पंक्चर झाले की ट्यूबमधले भोक वॉलपासून किती अंतरावर आहे ते बघायचे आणि टायरवर तेवढ्याच अंतरावर काटा शोधायचा. काटा वरून दिसत नाही, त्याचे मोडलेले टोक आत राहते. म्हणूनच "काल पंक्चर काढले, आज पुन्हा गेली" असे होते आणि बिचाऱ्या कारागिराला बोलणी बसतात. टायरच्या आतून जुने सुती फडके फिरवा. जिथे धागा अडकेल तिथे काटा. बोट फिरवू नका, बोटात घुसतो.

पॅच लावतानाही घाई नको. ट्यूब घासून खरखरीत करायची, सोल्युशन पातळ लावायचे आणि ते सुकून हाताला कोरडे लागेपर्यंत थांबायचे. ओल्यावर चिकटवलेला पॅच दुसऱ्या दिवशी सुटतो. शाळेची घंटा होत आली म्हणून आपण "लवकर करा भाई" म्हणतो, तिथेच काम बिघडते.

नवा टायर पुढे की मागे?

मागचा टायर आधी झिजतो, कारण वजनही त्याच्यावर आणि पायडलचा जोरही. तो गोटा झाला की आपण नवा आणतो आणि मागेच लावतो. त्यापेक्षा पुढचा चांगला टायर काढून मागे लावावा आणि नवा पुढे. कारण वर सांगितलेच, पुढचे चाक गेले तर सावरता येत नाही. दवाच्या, धुक्याच्या सकाळी तर पुढेच भरवशाचा टायर हवा. कारागिराचे काम वाढते, तो थोडे जास्त मागेल, द्यावेत. मात्र दोन्ही चाकांचा आकडा एकच आहे ना, ते आधी बघा.

जुना टायर कधी काढायचा? मधली नक्षी पूर्ण गेली एवढ्यावर लगेच फेकायची गरज नाही, पण आतले धागे दिसू लागले, बाजूला बारीक चिरा पडल्या, कुठे फुगा आला किंवा कडेची तार बाहेर दिसली तर एक दिवसही थांबू नका. बाजूच्या चिरा उन्हाने आणि हवेतल्या ओझोनने पडतात, सायकल न वापरता नुसती अंगणात उभी असली तरी. म्हणूनच दुकानाबाहेर उन्हात टांगलेला टायर घेऊ नये. दुकानदाराला नीट सांगावे, "भाई, आतला द्या." टायर वाकवून बाजू ताणून बघा, नव्यातही कधी कधी चिरा सापडतात. 'नायलॉन' लिहिलेला टायर सुती कापडाच्या टायरपेक्षा ओलीत जास्त टिकतो.

हवाच लागत नाही असे भरीव टायरही विकायला येतात. पंक्चर नाही हे खरे, पण सायकल जड होते, प्रत्येक खड्डा थेट रिमला आणि आऱ्यांना बसतो. शाळकरी मुलांसाठी आमचा सल्ला, नको.

बाजूला चमकणारी पट्टी असलेला टायर मिळाला तर मात्र जरूर घ्या. जानेवारीत आपल्याकडे सूर्य सातच्या सुमारास उगवतो आणि सकाळच्या शाळेची मुले त्याआधी रस्त्यावर असतात. समोरून येणाऱ्या गाडीच्या उजेडात ती पट्टी गोल फिरताना दिसते आणि ही सायकल आहे हे लांबून कळते. असा टायर नाही मिळाला तर चमकणाऱ्या चिकटपट्टीचे तुकडे आऱ्यांवर आणि मागच्या मडगार्डवर लावा.

नवा टायर बसवून झाला की दुकानातून लगेच निघू नका. चाक उचलून फिरवा आणि टायरच्या कडेची रेघ रिमपासून सगळीकडे सारख्या अंतरावर आहे का ते बघा. एका जागी आत गेलेली किंवा वर आलेली असेल तर ट्यूब तिथे अडकली आहे. हवा सोडून टायर हाताने चेपून सरळ करायला सांगा आणि पुन्हा भरा. मडगार्डला, ब्रेकला घासतो का तेही तिथेच बघायचे. मुलगी बुरखा किंवा लांब ओढणी घालून जात असेल तर मागच्या चाकाची जाळी आणि चेन कव्हर टायर काढताना सैल झालेले असते, ते घट्ट करून घ्या. आणि दोन दिवसांनी पुन्हा एकदा हवा तपासा, नवा टायर रिमवर नीट बसला की ती थोडी कमी झालेली असते.